मुलाची संमती आहे

शैक्षणिक सल्लागारांसाठी प्रमाणपत्र असावं, ही कल्पना मुळात हेडसरांची. ते एका शाळेचे मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले आणि मग घरी स्वस्थ बसवेना म्हणून स्वतःच सल्लागार झाले. "केस कापायचं दुकान टाकायचं तर परवाना लागतो," ते ज्याला त्याला सांगायचे, "आणि पोरांच्या आयुष्याला कात्री लावायला मात्र दारावरची पाटी पुरते!"

त्यांनी समिती जमवली. ती एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर महिन्यातून दोनदा भरायची. खालच्या मजल्यावर दातांचा दवाखाना होता. चर्चा रंगात आली की नेमकं खालून दात कोरायचं यंत्र सुरू व्हायचं आणि सगळे जण क्षणभर आपापला गाल धरून गप्प बसायचे. समितीत नियमांचा मसुदा करायला एक वकीलबाई होत्या. परीक्षा कशी घ्यायची ते ठरवायला एक परीक्षातज्ज्ञ होता. तो इतका काटेकोर की चहातही साखर मोजून घालायचा. सल्लागारांपैकी सगळ्यात तरुण एक मुलगी होती. मुलगी कसली, छत्तीस वर्षांची बाई, पण सगळे तिला धाकटी म्हणायचे. आणि पाचव्या होत्या ताई.

ताई आधी शाळेत भूगोल शिकवायच्या. पंधरा वर्षांपूर्वी नोकरी सोडून त्यांनी घरच्या पुढच्या खोलीत हे काम सुरू केलं. कुठल्या मुलाला कुठली शाळा मानवेल, दहावीनंतर काय, बारावीनंतर काय, कोणाला घरापासून लांब ठेवता येईल आणि कोणाला नाही. प्रत्येक मुलाची वेगळी फाईल आणि प्रत्येक फाईलला नंबर. नोंदवही इतकी नेटकी की परीक्षातज्ज्ञाने ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा तो खुर्चीतून अर्धा उठला होता. "आदर्श," तो म्हणाला होता. "नमुना म्हणून हीच द्यायची सगळ्यांना."

चौथ्या बैठकीत परीक्षेसाठी गोळा केलेल्या खऱ्या घटना वाचायच्या होत्या. नावगाव काढून टाकलेल्या घटना उमेदवारापुढे ठेवायच्या आणि विचारायचं, इथे सल्लागाराचं काय चुकलं? सहा झाल्या. ताईंनी दोन-तीन ठिकाणी चांगल्या दुरुस्त्या सुचवल्या. मग धाकटीने सातवा कागद सगळ्यांपुढे सरकवला.

"मुलगा, वय चौदा. अबोल. गणितात उत्तम. पालकांची इच्छा, घरापासून लांबच्या नामांकित निवासी शाळेत घालायची. सल्लागाराने शिफारस केली. तेविसाव्या दिवशी पहाटे मुलगा वसतिगृहातून निघून गेला. तिसऱ्या दिवशी मालगोदामाच्या भिंतीशी सापडला. भिंतीवरून उडी मारताना घोटा मोडलेला, अंगात ताप. हाड उशिरा बसवल्यामुळे पायात कायमचा दोष. नंतर मुलाने सांगितलं : मला कोणी विचारलंच नाही."

ताईंनी कागद पालथा ठेवला. मग हात मांडीवर घेतले. ते एकमेकांत घट्ट अडकवले.

"ही कुठून मिळाली?" वकीलबाईंनी विचारलं.

"मी तेव्हा त्या वसतिगृहात नवीन समुपदेशक होते," धाकटी म्हणाली. "आजारखोलीत त्याच्या उशाशी मीच बसले होते. सल्लागार कोण होता ते मला माहीत नाही. त्याचा अहवाल पालकांकडे गेला असणार, आमच्यापर्यंत आलाच नाही."

"चूक तर उघड आहे," हेडसर म्हणाले. "मुलाशी एकट्याने बोलायला हवं होतं. नियमच करू या. प्रत्येक मुलाशी पालकांशिवाय किमान चाळीस मिनिटं. नमुना उत्तरही हेच. काय ताई?"

सगळे त्यांच्याकडे पाहत होते. खाली यंत्र सुरू झालं.

"हो," ताई म्हणाल्या. "बरोबर आहे."

पण ते बरोबर नव्हतं, आणि हे त्या खोलीत एकट्या ताईंना माहीत होतं. कारण तो सल्लागार म्हणजे त्याच होत्या, आणि त्या मुलाशी त्या बोलल्या होत्या. एकट्याने. चाळीस नाही, चांगली पन्नास मिनिटं.

बारा वर्षं झाली होती. धंद्यातलं तिसरं वर्ष. मुलाचे आईवडील बाहेर व्हरांड्यात बसले होते आणि मुलगा ताईंसमोर, खुर्चीच्या अगदी कडेला. आधी ताईंनीच एकेक प्रश्न विचारले. मग टेबलाच्या पायाकडे बघत म्हणाला, "मला तिथे नका पाठवू. मी तिथे राहू शकणार नाही. मला माहीत आहे." आवाज चढलेला नव्हता, डोळ्यांत पाणी नव्हतं. हवामान सांगावं तसं त्याने सांगितलं होतं. ताईंनी ते शब्द जसेच्या तसे टिपणाच्या कागदावर उतरवले. त्याखाली लिहिलं, "सुरुवातीची भीती. होईल ठीक." आणि त्याला म्हणाल्या, "अरे, पहिल्यांदा सगळ्यांनाच असं वाटतं." प्रवेशाची मुदत चार दिवसांवर होती. शाळा खरंच चांगली होती. त्यांचं स्वतःचं मतही तेच होतं. आपण खोटं लिहितोय असं त्यांना तेव्हा वाटलंही नव्हतं. पालकांना दिलेल्या अहवालात त्यांनी लिहिलं, "मुलाशी स्वतंत्रपणे बोलले. मुलाची संमती आहे."

तो सापडल्यावर त्याच्या आईचा फोन आला होता. ताई जीव मुठीत धरून ऐकत होत्या. आई रागावलेली नव्हतीच. ती माफी मागत होती. "तुम्ही एवढं विचारलंत त्याला, आणि हा तुमच्यासमोर हो म्हणाला आणि आमच्या तोंडाला काळं फासून पळाला. हे तर म्हणतात, असा खोटारडा पोरगा आपल्या पोटी कसा आला." ताई म्हणाल्या होत्या, "त्याच्यावर रागवू नका." एवढंच म्हणाल्या होत्या.

त्या दिवशी बैठकीहून घरी येताना ताई एक बस सोडून भलत्याच बसमध्ये चढल्या. आणि धोका नुसता मनातला नव्हता. समितीने आधीच ठरवलं होतं की पहिलं प्रमाणपत्र समितीतल्या सल्लागारांनी स्वतः मिळवायचं, आणि त्यासाठी आपली पूर्ण नोंदवही परीक्षातज्ज्ञाकडे द्यायची. तो चिठ्ठ्या टाकून प्रत्येकाच्या तीन फायली काढणार. उमेदवाराने आपल्या आवडीच्या फायली दाखवायच्या नाहीत. हा नियम कोणी सुचवला होता? ताईंनीच. सगळ्यांनी तेव्हा माना डोलावल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी नवरा कामावर असताना त्यांनी कपाट उघडलं. फाईल नंबर त्रेचाळीस. आत टिपणाचा कागद होता, अहवालाची प्रत होती. दोन्हींवर तारीख एकच. कोणीही शेजारी शेजारी ठेवून वाचलं असतं तर दोन मिनिटांत सगळं कळलं असतं. ताईंनी टिपणाचा कागद फाईलमधून काढला. काढताना भोकापाशी थोडा फाटला आणि तेवढ्या आवाजानेही त्यांनी दाराकडे पाहिलं. मग तो घडी घालून पर्समध्ये ठेवला.

फाडून टाकायचा होता. पण घरात फाडवेना. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात कागदाचे बारीक पट्टे करणारं यंत्र होतं. ताई तिथे गेल्या. पुढे दोघं जण होते. त्यांची पाळी आली आणि दुकानदाराने हात पुढे केला, तेव्हा त्यांच्या डोक्यात आलं की हा वाचेल. "एक प्रत काढायची होती, पण राहू द्या," असं काहीतरी पुटपुटून त्या बाहेर पडल्या. पुढचे दहा-बारा दिवस तो कागद पर्समध्येच राहिला. भाजी घेताना, बँकेत, दवाखान्यात. पर्स कुठे खाली ठेवली तरी तिचा पट्टा हातात धरून ठेवायच्या. समोर मुलं येऊन बसत होती, पालक प्रश्न विचारत होते. एका मुलीने काहीतरी महत्त्वाचं सांगितलं आणि ताईंना तिला दोनदा विचारावं लागलं, "काय म्हणालीस?"

नवऱ्याच्या लक्षात आलं नसतं तरच नवल. तो एका छापखान्यात पुस्तकबांधणीच्या विभागात होता. कमी बोलणारा, पण हाताला लागलेला प्रत्येक कागद ओळखणारा माणूस. रविवारी सकाळी ताईंनी भाजीत दुसऱ्यांदा मीठ घातलं तेव्हा तो म्हणाला, "अगं, काय झालंय ते सांग. नाहीतर मला वेगळं ताट लाव."

त्यांनी सांगितलं. बारा वर्षांपूर्वी मुलगा पळाल्याचं त्याला ठाऊक होतं. टिपणाचं ठाऊक नव्हतं. त्याने कागद मागितला, चष्मा लावून वाचला, घडीवर नख फिरवून परत दिला.

"फाड, नाहीतर सांगून टाक," तो म्हणाला. "पण पर्समध्ये घालून फिरू नकोस. तुझी तब्येत जाईल."

"सांगितलं तर सगळं जाईल. पंधरा वर्षांचं काम. लोक पोरं पाठवायची बंद करतील."

"करतील काही जण."

"तू मला धीर देतोयस की काय?"

"मला वाटलं, खरं बोलायचंय."

ताईंना राग आला, कारण त्याचं म्हणणं बरोबर होतं. त्या उठून आत गेल्या.

बुधवारी धाकटीचा फोन आला. स्क्रीनवर नाव दिसताच ताईंनी फोन उलटा ठेवला. त्यांनी उचलला नाही. तासाभराने पुन्हा आला. पुन्हा नाही उचलला. संध्याकाळी पाच वाजता दाराची बेल वाजली आणि दारात धाकटीच उभी. तिला कळलं, ताईंना वाटलं. कसं कळलं कोण जाणे, पण कळलं.

"फोन लागेना तुमचा, म्हणून आले. बरं नाही का, ताई? चेहरा किती उतरलाय." धाकटी आत येऊन बसली. बारा वर्षांपूर्वी तो मुलगा बसला होता त्याच खोलीत, त्याच खुर्चीवर. "केस सातबद्दल बोलायचं होतं."

ताईंनी पर्स उचलून मांडीवर घेतली.

"परीक्षातज्ज्ञ म्हणतोय, खरी घटना वापरायची तर त्या माणसाची लेखी परवानगी हवी. मी शोधला त्याला. सापडला! सव्वीस वर्षांचा आहे आता. लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत आहे. परवानगी देतो म्हणाला, पण आधी स्वतः वाचणार. मी त्याला पुढच्या बैठकीलाच बोलावलंय." ती थांबली. "बरोबर केलं ना? तुम्हाला विचारायला हवं होतं आधी. तुमचं मत मी नेहमी घेते."

"येणार आहे तो?" ताईंचा आवाज त्यांनाच परका वाटला.

"शनिवारी, अकरा वाजता."

शनिवारी ताई साडेदहालाच जाऊन बसल्या. आजारी आहे, येत नाही, असा निरोप त्यांनी सकाळी तीनदा लिहिला होता आणि तीनदा पुसला होता. आपण गेलो नाही आणि तो येऊन आपलं नाव सांगून गेला तर? गेलो आणि तोंडावर सांगितलं तर? दोन्हीची भीती सारखीच होती. फक्त पहिल्या प्रकारात त्यांना घरी बसून वाट पाहावी लागली असती, आणि ते त्यांच्याच्याने होणार नव्हतं. त्यांनी दाराकडे पाठ होईल अशी खुर्ची घेतली. मग पाठीमागून तो येईल या विचाराने आणखी भीती वाटायला लागली, म्हणून उठून समोरच्या बाजूला जाऊन बसल्या.

जिन्यात पावलं ऐकू आली. एक नीट पडणारं, एक घासत येणारं. तिसऱ्या मजल्यापर्यंत यायला त्याला वेळ लागला. "या इमारतीला लिफ्ट नाही, हे माझ्यासाठी बरंच आहे म्हणायचं, आज सुट्टी आहे माझी," तो दारातच म्हणाला आणि सगळे हसले. उंच झाला होता. दाढी राखली होती. त्याने सगळ्यांना एकदम नमस्कार केला. नजर टेबलावरून फिरली, ताईंवरूनही गेली, आणि पुढे सरकली.

ओळखलं नाही, ताईंना वाटलं. केस पांढरे झालेत, चष्मा लागलाय. नाही ओळखलं. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

त्याने कागद हातात घेतला आणि सावकाश वाचला. बोट ओळीवरून सरकत होतं. खालचं यंत्रही त्या दिवशी बंद होतं.

"ठीक आहे," तो म्हणाला. "फक्त तो मालगोदामाचा मागचा भाग होता. भिंतीशी लिहिलंय. मी छपराखाली होतो."

परीक्षातज्ज्ञाने ताबडतोब दुरुस्ती लिहून घेतली.

"आणि हे शेवटचं वाक्य?" धाकटीने हळूच विचारलं. "मला कोणी विचारलंच नाही. ते तसंच ठेवायचं?"

त्याने बोट त्या ओळीवर ठेवलं. "असंच म्हणालो होतो ना मी? मग ठेवा."

"छान," हेडसर म्हणाले. "तर नमुना उत्तर आपण मागच्या वेळी ठरवलंय. सल्लागाराने मुलाशी स्वतंत्र बोलायला हवं होतं. त्यावरून नियम क्रमांक चार, चाळीस मिनिटांचा. वकीलबाई, वाचून दाखवा. हात वर करून मंजूर करू आणि याला चहा पाजू."

वकीलबाईंनी नियम वाचला. चार हात वर झाले. तो तरुण खिडकीतून बाहेर बघत होता. ताईंचा हात वर जाईना. आता नुसता हात वर करायचा होता, मग चहा, मग घर. नियम छापला जाईल. शेकडो सल्लागार घड्याळ लावून चाळीस मिनिटं मुलांशी बोलतील, आणि मग त्यांच्यासारखंच लिहितील, मुलाची संमती आहे.

"ताई?" हेडसर म्हणाले.

"हा नियम पुरेसा नाही," ताई म्हणाल्या. त्यांनी पुन्हा म्हटलं. "पुरेसा नाही. त्याला विचारलं होतं. सल्लागाराने त्याला एकट्याला बसवून पन्नास मिनिटं विचारलं होतं. त्याने उत्तरही दिलं होतं."

"तुम्हाला कसं माहीत?" परीक्षातज्ज्ञाने विचारलं.

ताईंनी पर्स उघडली. चेन दोनदा अडकली. घडी केलेला कागद टेबलावर ठेवला आणि उलगडायचं सोडून त्यावर तळहात दाबून धरला.

"ती मी होते," त्या म्हणाल्या.

धाकटीचा हात तोंडावर गेला. ताईंना समोर बघायचं धैर्य होईना. त्यांनी टेबलाकडे बघतच कागद उघडला आणि वाचला, तारखेपासून. "म्हणतो, मला तिथे नका पाठवू. मी तिथे राहू शकणार नाही. मला माहीत आहे. सुरुवातीची भीती. होईल ठीक." मग अहवालात काय लिहिलं तेही सांगितलं. ते पाठ होतं.

"मॅडम," तो म्हणाला. त्याने त्यांना तेव्हाही मॅडमच म्हटलं होतं. "पुन्हा वाचा जरा. पहिलं."

त्यांनी पुन्हा वाचलं.

तो उठला. एक पाय घासत टेबलाला वळसा घालून आला आणि त्यांच्या शेजारी उभा राहिला. ताईंनी खांदे आकसून घेतले, लहान मुलासारखे. त्याने नुसतं वाकून कागदावरच्या अक्षरांकडे पाहिलं.

"म्हणजे मी बोललो होतो," तो म्हणाला.

"हो."

"तोंडाने? मोठ्याने?"

"हो. स्पष्ट."

त्याने बाजूची रिकामी खुर्ची ओढली आणि तिच्यावर बसला. "शाळेत जायच्या आधीपासूनच घरी सगळे म्हणायचे, तू हो म्हणालास. तुमचा कागद दाखवायचे, संमती आहे. आधी मी भांडायचो. नंतर नंतर मलाच वाटायला लागलं की मी ते मनातल्या मनात म्हटलं असेन. तोंडातून निघालंच नसेल. म्हणून मग मला कोणी विचारलंच नाही असं सांगायला लागलो. ते सोपं होतं." त्याने कपाळावरून हात फिरवला. "तुम्हाला मी दारातूनच ओळखलं. घाबरलो होतो, तुम्ही सगळ्यांसमोर म्हणाल, हा हो म्हणाला होता."

वकीलबाईंनी पाण्याचा ग्लास सरकवला. नक्की कोणासाठी, ते त्यांनाही कळलं नसावं. तो दोघांच्या मध्येच राहिला.

"हा कागद मला हवाय," तो म्हणाला. "आईला दाखवायचाय."

"घ्या. तुमचाच आहे."

"नाही, नुसता कागद नको. ती म्हणेल, कुठून लिहून आणलास. तुम्ही चला."

ताईंना वाटलं होतं, सांगून टाकलं की भीती संपते. ती पुन्हा नव्याने उठली. "कधी?" त्यांनी विचारलं.

"आजच. ती घरी असते."

त्याचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. आई खिडकीपाशी बसून पडद्याला हाताने टाके घालत होती. ताईंना पाहून तिने सुई कापडात टोचून ठेवली आणि उठली. "अगबाई, तुम्ही! बसा ना. किती वर्षांनी." तिच्या चेहऱ्यावर खरा आनंद होता. ताईंना तिथून पळून जावंसं वाटलं.

त्या बसल्या नाहीत. उभ्यानेच सांगितलं. वाटेत जुळवलेली वाक्यं सगळी विसरल्या आणि जे सुचलं त्या क्रमाने सांगितलं. मुलगा दाराला टेकून उभा होता. आईने मध्येच एकदा त्याच्याकडे पाहिलं, पुन्हा ताईंकडे.

"नक्की काय म्हणाला होता?" तिने विचारलं. "त्याचे शब्द सांगा."

ताईंनी सांगितले.

"आणि तुम्ही लिहिलंत, संमती आहे."

"हो."

"मी तुम्हाला फोन केला होता. माफी मागितली होती मी तुमची." आईचा आवाज चढला नाही. "तेव्हा का नाही सांगितलंत?"

"भीती वाटली."

"कसली?"

"तुम्ही काय म्हणाल याची. काम बंद पडेल याची."

आईने पडदा उचलला, घडी घातली, पुन्हा मोडली. "त्याचे बाबा गेले तीन वर्षांपूर्वी," ती म्हणाली. "शेवटपर्यंत त्यांच्या मनात होतं. पोरगा शब्दाचा पक्का नाही म्हणायचे. गाडीची किल्ली द्यायचे नाहीत त्याला. आता हे मी कोणाला जाऊन सांगू?"

ताईंनी टिपणाचा कागद तिच्या शिवणाशेजारी ठेवला.

"तुम्ही जा आता," आई म्हणाली. तिने ताईंना पाणीही विचारलं नव्हतं, आणि ताईंना तेच योग्य वाटलं. दाराशी पोहोचल्या तेव्हा मागून तिचा आवाज आला, पण तो त्यांच्यासाठी नव्हता. "इकडे ये रे. बस इथे." मुलगा आत गेला. ताईंनी दार बाहेरून हलकेच ओढून घेतलं.

समितीत पुढे जे व्हायचं ते झालं. वकीलबाईंनी स्पष्ट सांगितलं की ताईंना समितीवर राहता येणार नाही, आणि ताई त्याआधीच राजीनामा लिहून गेल्या होत्या. हेडसरांना वाईट वाटलं. परीक्षातज्ज्ञाने फाईल त्रेचाळीस रीतसर मागवून घेतली. नियम क्रमांक चार बदलला. मूल जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत लिहायचं, त्याला वाचून दाखवायचं, आणि त्यावर त्याचं म्हणणं बरोबर लिहिलंय अशी त्याची सही घ्यायची. ही शब्दरचना लिफ्टवाल्याने सुचवली होती. प्रमाणपत्राची पहिली तुकडी ताईंशिवाय बाहेर पडली. बातमी पसरली. त्या वर्षी ताईंकडे निम्मी मुलंही आली नाहीत. एका जुन्या पालकाने रस्त्यात ओळख दाखवली नाही.

दुसऱ्या वर्षी ताईंनी साधा उमेदवार म्हणून अर्ज केला. कधी नियम मोडला आहे का, या रकान्यात सगळं लिहिलं, जागा पुरली नाही म्हणून मागच्या पानावर लिहिलं. परीक्षा दिली. निकाल आला तो असा : उत्तीर्ण, पण एक वर्ष दुसऱ्या सल्लागाराच्या देखरेखीखाली काम. देखरेखीला धाकटी.

पहिल्या दिवशी धाकटी कोपऱ्यात वही घेऊन बसली. तिलाही अवघडल्यासारखं झालं होतं. "ताई, मी नाही असं समजा," ती म्हणाली.

"तू आहेस असंच समजते," ताई म्हणाल्या.

आलेली मुलगी पंधरा वर्षांची होती. आईवडील बाहेर बसले होते. तिला कुठे जायचंय ते तिने धडाधड सांगितलं, शाळेचं नाव, विषय, सगळं, पाठ केल्यासारखं. ताई तिच्या शब्दांत लिहीत गेल्या. मग लिहिलेलं वाचून दाखवलं.

"बरोबर आहे?"

"हो."

"यात काही राहिलं?"

"नाही. ठीक आहे सगळं."

ताईंचा तळहात घामाने ओला झाला होता. पेन निसटत होतं. त्यांनी ते खाली ठेवलं, हात पदराला पुसला आणि पुन्हा विचारलं, "नक्की? आपल्याकडे वेळ आहे."

मुलगी बंद दाराकडे बघत राहिली. कोपऱ्यात धाकटीने वहीचं पान उलटायचं थांबवलं.

"बाहेर ऐकू जातं का?" मुलीने विचारलं.

"नाही," ताई म्हणाल्या, आणि उठून खिडकीही लावून घेतली.